लॉग वाचला का?

आमच्या ऑफिसात ‘चालत नाही’ असं म्हणायला बंदी आहे. नियम कुठे लिहून ठेवलेला नाही. पण सुरतेत लिहून ठेवलेले नियम कोण पाळतं? हा लिहिलेला नाही म्हणूनच बहुधा सगळे पाळतात. बंदी घातली आमच्या सिनियर बोरसेभाईंनी, आणि चालत नसलेल्या गोष्टी चालवण्यावरच जिचं पोट आहे त्या कंपनीने ती मुकाट्याने मान्य केली.

“चालत नाही म्हणजे काय?” चष्मा कपाळावर चढवून ते विचारतात. “लंगडते? बसून राहते? घरातून पळून गेली? पांढरं पान येतं, पाचशे नंबरची एरर येते, की स्क्रिप्ट चालायच्या ऐवजी तिचा मजकूरच पडद्यावर सांडतो? डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं नाही’ म्हणता का मॅडम? कुठे दुखतं ते सांगता ना?”

आणि समोरचा पुरेसा ओशाळला की ठेवणीतला प्रश्न येतो. “लॉग वाचला का?”

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोण आलं, काय मागितलं, काय बिघडलं हे सर्व्हर तिथे ओळीओळीने लिहीत असतो. तो वाचला तर बहुतेक बिघाड तिथल्या तिथे कळतात. म्हणूनच कोणी तो वाचत नाही. आम्ही आधी घाबरतो, मग एकमेकांवर ढकलतो, मग सर्व्हर बंद करून चालू करतो, मग चहा पितो, आणि एवढं सगळं करून झालं की बोरसेभाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहतो.

आमचं ऑफिस रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटच्या वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण तिच्यावर पहिला हक्क साड्यांच्या पार्सलांचा आणि दुसरा ती वाहणाऱ्यांचा. इंजिनियरचा नंबर लागेपर्यंत त्याचा जिना चढून होतो. मालक केतनभाई. व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो आम्ही. व्यापारी आपल्या दुकानात गादीवर बसून ब्राउझरमध्ये बटण दाबतो, इकडे सर्व्हरवर आमची स्क्रिप्ट धावते, आणि कुठल्या डिझाइनचे किती ताके शिल्लक आहेत ते त्याला तिथे दिसतं. निदान दिसायला हवं. केतनभाई इतके भले की गिऱ्हाइकाला कधीच नाही म्हणत नाहीत. ‘थई जशे’, होऊन जाईल, म्हणतात आणि आमच्याकडे बघतात.

आमच्या धंद्यातला सगळ्यात जुनाट आजार म्हणजे, स्क्रिप्ट सर्व्हरवर बसून हाताने चालवली तर गुणी बाळासारखी चालते आणि ब्राउझरमधून बोलावली की रुसते. नवीन माणूस लागला की पहिल्याच आठवड्यात तो छाती पुढे काढून सांगतो, “माझ्या हाताने तर चालते!”

“तुझ्या हाताने चालते याचं कौतुक तुझ्या आईला सांग,” बोरसेभाई म्हणतात. “गिऱ्हाइकाला तुझा हात नकोय.”

त्यांचं म्हणणं असं की हाताने चालवताना आपण घरचे असतो, सगळी दारं आपल्याला उघडी असतात. ब्राउझरच्या वतीने सर्व्हरवर काम करणारा गडी वेगळाच. जुन्या सर्व्हरवर त्याचं नावच मुळी ‘नोबडी’ असे. आता नवीन सर्व्हरवर त्याला बरी नावं मिळाली आहेत, पण बोरसेभाई त्याला जुन्याच नावाने ओळखतात, आणि आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त मायेने. “बिचाऱ्या नोबडीच्या डोळ्यांनी बघ,” ते म्हणतात. “त्याला कुठलं दार उघडं आहे, कुठलं बंद? त्याला रस्ता सांगितलायस का? तू सांगतोस ‘त्या कपाटातली फाइल आण’. अरे, कुठलं कपाट? तो तुझ्या घरी कधी आलाय का?”

हे हार्दिकला तोंडी समजेना. हार्दिक आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा, म्हणजे त्याला सगळं आधीच माहीत असतं. त्याची स्क्रिप्ट उघडी होती, चालवायचा हक्क दिलेला होता, तरी ब्राउझर तिला हात लावेना. बोरसेभाई उठले. हार्दिकला ऑफिसबाहेर जिन्यावर पाठवलं. आपल्या केबिनचं दार सताड उघडलं आणि मग ऑफिसचं मुख्य दार आतून बंद करून घेतलं.

“केबिन उघडी आहे!” आतून ओरडले. “ये की!”

“बोरसेभाई, बाहेरचं दार बंद आहे!”

“पण केबिन उघडी आहे ना? परमिशन दिली आहे की मी! ये!”

हार्दिकच्या पाठोपाठ केतनभाई सहारा दरवाज्याच्या एका बड्या पार्टीला घेऊन जिना चढून आले होते. पार्टीचं वजन जिन्याला मानवणारं नव्हतं. ते तिघेही बंद दाराबाहेर उभे, आणि आतून एक माणूस ‘केबिन उघडी आहे’ असं पुन्हा पुन्हा सांगतोय. हार्दिकला शेवटी बाहेरून ओरडून कबूल करावं लागलं की फाइल उघडी असून उपयोग नाही, वरचा प्रत्येक फोल्डर उघडा पाहिजे. तेव्हा कडी निघाली. पार्टीने घाम पुसत केतनभाईंना विचारलं, “आ भाई कोण छे?” केतनभाई म्हणाले, “अमारा सिनियर छे.” ते गिऱ्हाईक आम्हाला मिळालं नाही, पण फोल्डरची परमिशन हार्दिक पुन्हा विसरला नाही.

बोरसेभाई सर्व्हरपुरते असे असते तर आम्ही निभावून नेलं असतं. पण लॉगवरची त्यांची श्रद्धा सर्वव्यापी होती. केतनभाईंच्या घरी अबोला धरला गेला, तेव्हा ते सहानुभूतीच्या आशेने बोरसेभाईंशी दोन शब्द बोलले. बोरसेभाई म्हणाले, “भाभी एकदम बंद नाही पडत. आठ-दहा दिवस आधी वॉर्निंग दिली असेल. आठवा.” केतनभाईंना आठवलं, आणि ते आणखीच दुःखी झाले.

मला बघायला उधन्याहून एक स्थळ आलं होतं. नकार आला. मी ऑफिसात तोंड पाडून बसलेली. बोरसेभाई आले, गरम पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला आणि विचारलं, “नकार काय शब्दांत आला?”

“म्हणाले, योग नाही.”

“ही काय एरर झाली का?” ते खरोखर चिडले. “कारण न देता काम नाकारणारा सर्व्हर मी ऑफिसात ठेवणार नाही. तुम्ही घरात कशाला ठेवता? सुटलात मॅडम.”

सांत्वन म्हणून हे कितपत बसतं मला माहीत नाही. मी त्या दिवशी हसले होते एवढं मात्र खरं.

गरम पाण्याचा ग्लास म्हटलं ना, त्याचीही एक कथा आहे. बोरसेभाई चहा पीत नाहीत. अ‍ॅसिडिटी म्हणून कधी काळी सोडला आणि तेव्हापासून ते चहा पिणाऱ्या मनुष्यजातीकडे करुणेने बघतात. खालून चहावाला आला की आम्ही सगळे कामं टाकून उठतो आणि हे स्टीलच्या ग्लासातून कोमट पाणी पीत जागेवर बसून राहतात. “प्या, प्या,” म्हणतात, “दिवसातून चारदा सिस्टिम डाउन ठेवायची तुम्हाला सवयच आहे.”

ते भेस्तानला एका फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मूळचे खानदेशातले, नाव भटू, पण ते नाव आम्हाला पगाराच्या कागदावरूनच कळलं. लग्न झालं नव्हतं की होऊन मोडलं होतं, कोणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. लॉग न वाचता प्रश्न विचारल्याबद्दल आमचीच खरडपट्टी निघाली असती. मी सुरतेतल्याच गोडादऱ्याची. आमच्या गल्लीत निम्मी घरं अहिराणी बोलतात, त्यामुळे बोरसेभाई चिडून जे पुटपुटतात ते ऑफिसात मला एकटीला कळतं. म्हणूनच असेल, माझ्यासमोर ते जरा जपून चिडतात.

एक गोष्ट मात्र आम्हाला सगळ्यांना माहीत होती आणि कोणालाच उलगडत नव्हती. रोज सकाळी, ते येऊन बसले की थोड्या वेळात त्यांच्या फोनवर ‘टुण्ण’ असा एक आवाज व्हायचा. एकदाच. ते हातातलं काम थांबवायचे, फोन उचलून बघायचे, मान हलवायचे आणि खिशात ठेवायचे. त्यानंतरच ते आम्हाला ‘बोला’ म्हणायचे. टुण्ण व्हायच्या आधी सर्व्हरला आग लागली असती तरी बोरसेभाई उठले नसते.

हार्दिकचा तर्क होता की शेअर बाजाराची टिप येते. केतनभाईंना दाट संशय होता की हा माणूस सकाळीच दुसऱ्या एका कंपनीत हजेरी लावतो. माझं मत बाईमाणसाचं. कोणीतरी आहे, म्हटलं, आणि ती रोज गुड मॉर्निंग पाठवते. तिच्या धीराचं मला कौतुक वाटायचं.

तर परवा काय झालं, हार्दिकची एक स्क्रिप्ट पुन्हा ब्राउझरमधून रुसली. पार्टी फोनवर केतनभाईंना सोडेना, केतनभाई हार्दिकला सोडेनात. शेवटी हार्दिकने आमच्या धंद्यातलं महापाप केलं. सर्व्हरवरच्या सगळ्या फोल्डरांना, सगळ्या फायलींना एका फटक्यात सात-सात-सात देऊन टाकलं. सात-सात-सात म्हणजे कोणीही वाचा, कोणीही बदला, कोणीही चालवा. स्क्रिप्ट चालली. पार्टी खूश, केतनभाई खूश. संध्याकाळी ते बोरसेभाईंना दिसलं.

“दारं उघडायला सांगितली होती मी,” ते इतक्या हळू बोलले की हार्दिक उभा राहिला. “तू भिंती पाडल्यास.”

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि अहिराणीत पुटपुटत अख्ख्या सर्व्हरला शिस्त लावली. प्रत्येक फाइलला मोजका हक्क: फाइलच्या मालकाने लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. चालवायचा हक्क कोणत्याच फाइलला ठेवला नाही. आमच्या स्क्रिप्टना तो लागतही नाही. सर्व्हर त्या वाचतो आणि आपणच चालवतो. फार जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्टना तेवढा तो लागतो, पण तसलं जुनंपानं आमच्या सर्व्हरवर काही उरलेलं नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. हार्दिकला आणखी थोडं झाडून बोरसेभाई घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढून आले तर ते माझ्या आधी येऊन बसलेले. पायांत बूट तसेच. एरवी ते बूट दाराशी काढतात. टेबलाखाली एक प्रवासाची बॅग होती. फोन समोर उताणा ठेवलेला. मी ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले, त्यांनी फोनवरची नजर हलवली नाही. मला वाटलं कालचा राग आहे.

टुण्ण झालं नाही.

हार्दिक आला, केतनभाई आले, चहावाला येऊन गेला. टुण्ण नाही. बोरसेभाई सर्व्हरवर काहीतरी चालवून बघत होते. प्रत्येक वेळी फोन वाजत होता आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा जास्त उतरत होता. हे काही मला समजेना. वाजायला हवा होता तो फोन वाजतोय, मग हे असे का? मी खुर्ची जवळ नेली.

“बोरसेभाई, काय झालं?”

“चालत नाही,” ते म्हणाले.

हार्दिकने मान वर केली. केतनभाईंनी फोनवरचं बोलणं थांबवलं.

मग ते तुटक तुटक बोलले, स्क्रीनकडे बघत. त्यांची आई गावी एकटी राहते. सुरतेला यायला राजी नाही. कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य, व्हिडिओ कॉल वाजतो तो तिला कळत नाही. चौथीपर्यंत शिकलेली आहे, अक्षर लावून लावून वाचते. म्हणून त्यांनी फार वर्षांपूर्वी तिच्यासाठी एक पान बनवलं. टॅबलेटवर ते एकच पान उघडतं, त्यावर एकच मोठं बटण. सकाळी उठली की ती बटण दाबते, इकडे सर्व्हरवर स्क्रिप्ट चालते आणि यांच्या फोनवर टुण्ण होतं. म्हणजे ती उठली.

“आज दाबलं नाही,” ते म्हणाले. “स्क्रिप्ट ठीक आहे. हाताने चालवून बघितली, चालते. म्हणजे तिने दाबलंच नाही.”

“शेजारी कोणी?”

“दगाभाऊ आहे. त्याचा फोन नुसता वाजतोय. दुपारच्या गाडीने निघतो मी.”

पण जागचे हलले नाहीत. पुन्हा तीच स्क्रिप्ट, पुन्हा हाताने. टुण्ण. मला त्यांच्याकडे बघवेना. ज्या माणसाने हार्दिकला जिन्यावर उभं करून शिकवलं, तो माणूस सकाळपासून घरच्या दारातूनच आत-बाहेर करत होता.

“बोरसेभाई,” मी म्हणाले, “ब्राउझरमधून बघितलंत?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी मराठी-गुजराती सोडून कुठलीतरी तिसरीच भाषा बोलले. मी माझ्या मशीनवर ते पान उघडलं. बटणावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘उठना का रे?’ उठलास का रे. मी ते दाबलं.

पांढरं पान. पाचशे.

हार्दिक माझ्या मागे येऊन उभा होता. “काल संध्याकाळी तुम्ही सगळ्या फायलींचा चालवायचा हक्क काढलात,” तो हळूच म्हणाला. “ही जुनी स्क्रिप्ट आहे, भाई. हिला तो लागतो. हाताने हुकूम देऊन चालवली की लागत नाही.” एरवी हे वाक्य त्याने छाती पुढे काढून म्हटलं असतं.

मला वाटलं आता बोरसेभाई सुटकेचा श्वास सोडतील. स्क्रिप्ट बिघडली होती, म्हणून टुण्ण नाही. पण ते तसेच बसून राहिले आणि मग माझ्याही लक्षात आलं. स्क्रिप्ट बिघडली म्हणून आई उठली असेलच असं थोडंच आहे? दोन्ही एकाच सकाळी होऊ शकतं. ती उठली की नाही हे कळायची एकच जागा होती. तिने बटण दाबलं असेल तर सर्व्हरने, काम जमलं नाही तरी, तसं लिहून ठेवलं असेल. दाबलं नसेल तर तिथे काहीच नसेल.

“लॉग वाचला का?” मी विचारलं.

हा प्रश्न आजवर त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. बोटं एकमेकांत अडकवली.

“तुम्ही वाचा,” ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की सकाळपासून हा माणूस सगळं करत होता ते फक्त एक गोष्ट करावी लागू नये म्हणून. आम्हीही तेच करतो. लॉगमध्ये काय निघेल याची भीती असते, म्हणून तर आधी चहा पितो.

मी लॉग उघडला. शेवटची ओळ माझी होती, आत्ता बटण दाबलं त्याची. तिच्या वर तशीच एक. परवानगी नाही, चालवता आली नाही. तिच्याही वर आणखी एक. पण या माझ्या नव्हत्या. त्या टॅबलेटवरून आलेल्या होत्या. मी वर सरकत गेले. टॅबलेट. टॅबलेट. टॅबलेट. पहाटे उजाडायच्या सुमारापासून त्या ओळींनी पान भरलेलं होतं. मधे थोडी विश्रांती, पुन्हा ओळी.

“उठल्या आहेत,” मी म्हणाले. “बोरसेभाई, उठल्या आहेत हो. सकाळपासून दाबतायत.”

ते वाकले. चष्मा कपाळावरच होता, तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही. आम्ही बघत असतानाच खाली एक नवीन ओळ उमटली. टॅबलेट. तिकडे गावात त्या क्षणी तिचं बोट बटणावर होतं. बोरसेभाईंनी स्क्रीनवरच्या त्या ओळीवर हात ठेवला. केतनभाई एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

हक्क परत द्यायला एक ओळ पुरते. त्यांच्या हातून ती दोनदा चुकली, मग हार्दिकने लिहिली. परमिशन लिहिताना त्याने मला विचारलंही की बरोबर आहे ना. त्या ओघात मला स्क्रिप्ट दिसली. इतकीशी होती. दोनच कामं करायची. एक, यांच्या फोनला कळवायचं. दुसरं, बटण दाबणाऱ्याला पडद्यावर उत्तर द्यायचं. उत्तर अहिराणीत होतं: ‘उठनू माय. च्या पी राह्यनू.’ उठलो आई. चहा पितोय.

“तुम्ही तर चहा पीत नाही,” मी म्हणाले.

“तिला माहीत नाही,” ते म्हणाले. “तू बरी आहेस ते रोज कळव, असं तिला सांगितलं असतं तर तिने टॅबलेट चुलीत घातला असता. माले काय धाड भरनी, मला काय झालंय, म्हणाली असती. म्हणून मी तिला उलटं सांगितलं. म्हटलं, मी तिकडे एकटा असतो, सकाळी जाग येत नाही, उठलो का ते तू बघत जा.”

तेवढ्यात टुण्ण झालं. या वेळी कोणी हाताने चालवलेलं नव्हतं. बोरसेभाईंनी फोन उचलून बघितला, मान हलवली, आणि तो खिशात ठेवायच्या ऐवजी हातातच धरून बसले.

थोड्या वेळाने दगाभाऊंचा फोन आला. फोन घरी चार्जिंगला लावून ते शेतात गेले होते. घाईत बोरसेभाईंचं बोट भलतीकडेच पडलं, स्पीकर सुरू झाला आणि सगळं ऑफिस ऐकायला लागलं.

“भटू, जित्ता शे ना रे भो तू?” दगाभाऊ ओरडत होते. “तुन्ही माय सकायपाइन दारमा बठेल व्हती. मना आंडोर उठना नही म्हने, कोनी सुरतले जाईसन दखा म्हने. आते टॅबलेट माले दखाडीसन हासी राह्यनी. उठना म्हने, च्या पी राह्यना. तवय तिनी चुल्हा पेटाडा.”

केतनभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सांगितलं, “आई सकाळपासून दारात बसली होती. म्हणत होती, माझा मुलगा उठला नाही, कोणीतरी सुरतेला जाऊन बघा. आता उत्तर आलं तेव्हा हसली आणि चूल पेटवली. तोपर्यंत तिने स्वतःचाही चहा ठेवला नव्हता.”

बोरसेभाईंनी फोन बंद केला. मग खाली वाकून बूट काढायला लागले. ते बराच वेळ खालीच वाकलेले होते आणि लेस सुटायला इतका वेळ लागत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी खाली गेले. चहावाल्याकडून एक चहा घेतला, आल्याचा, आणि जिना चढून वर आणून त्यांच्या टेबलावर कोमट पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता माझा उद्धार होणार, मनुष्यजातीच्या दुर्बळपणावर चार शब्द ऐकावे लागणार. त्यांनी कप उचलला आणि एक घोट घेतला. कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं. आणखी एक घोट घेतला.

तेवढ्यात हार्दिकचा फोन वाजला. नवसारीची पार्टी. तो सवयीने ओरडला, “बोरसेभाई, पार्टीची स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालत नाही!” आणि आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली. आम्ही सगळे वाट बघायला लागलो. लंगडते का, पळून गेली का, लॉग वाचला का.

बोरसेभाईंनी कप खाली ठेवला नाही. खिडकीबाहेर बघत, जरा मोठ्यानेच, जणू कोणाला तरी लांबून ऐकू जावं म्हणून, ते म्हणाले, “च्या पी राह्यनू.”